खाऱ्या बांधांच्या काठाने

उरणला सायकल घेऊन जाणाऱ्याने आधी तिथी बघावी. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच मोरा बंदराला लागते ती समुद्राच्या मर्जीने. मोऱ्याला गाळ इतका साचतो की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खोल गेली की लाँच धक्क्याला लागतच नाही आणि काही तास फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. रोज कामाला जाणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं. नवख्या माणसाने मात्र तिकीट-खिडकीवर विचारून घ्यावं, सायकलचं वेगळं तिकीट काढावं आणि ती लाँचच्या कठड्याला दोरीने बांधून स्वतः तिच्याजवळच बसावं.

१२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी उरणला मुंबईशी जोडणाऱ्या दोन मोठ्या गोष्टींचं उद्घाटन झालं. खारकोपरपर्यंत येऊन थांबलेली लोकल उरणपर्यंत धावू लागली आणि शिवडी ते न्हावा-शेवा असा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू वाहनांना खुला झाला. त्या सेतूवर मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना बंदी आहे आणि सायकलचीही गणना त्यांच्यातच होते. म्हणजे देशातला सर्वात लांब सागरी पूल ज्या तालुक्यात उतरतो, तिथे सायकलस्वाराला आजही सेतूऐवजी पूर्वीसारखी लाँच धरावी लागते. मला मात्र याच वाटेने उरणला शिरणं योग्य वाटतं. या तालुक्यातली शेती, मीठ, मासे, पाखरं, गावांच्या जागा हे सगळं भरती-ओहोटीने ठरवलेलं आहे आणि तिची गाठ पहिल्या पावलालाच पडलेली बरी.

उरण म्हटलं की आज लोकांच्या डोळ्यांपुढे येतात ते कंटेनर, ट्रेलरच्या रांगा, तेल आणि वायूचा प्रकल्प, नौदलाचं शस्त्रागार. हे सगळं इथे आहेच. पण याच तालुक्यात तळ्यांच्या, खाजणांच्या आणि धरणांच्या काठाने जाणारे असे रस्ते आहेत की भातकापणीच्या दिवसांत तासभर पायडल मारलं तरी समोरून दोन-चार दुचाक्यांपलीकडे काही येत नाही. गाडीतून जाणाऱ्याला हे पाणी दिसत नाही, कारण मोठे रस्ते भराव घालून उंच नेलेले आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना कंटेनरच्या आवारांच्या भिंती आहेत. चालत बघायचं तर अंतरं फार. सायकल ही इथे खरोखर गरजेची गोष्ट आहे, आणि ज्यांना हे पाणी टिकावं असं वाटतं त्यांनी ते एकदा तरी त्या वेगाने पाहायला हवं.

*

जुन्या नकाशांत उरण हे बेट आहे. पोर्तुगीज आणि इंग्रज त्याला करंजा बेट म्हणत. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीबरोबर ते मराठ्यांकडून घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिलं. दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर, उत्तरेला मोऱ्याकडची टेकडी, मध्ये सपाट शेती आणि मिठागरं. पूर्वेला खाडी आणि खाजण, त्यापलीकडे मुख्य भूमी. आज बोकडवीरा, भेंडखळ, नवघर या गावांवरून जाताना आपण बेट सोडून मुख्य भूमीवर कधी आलो ते कळतही नाही. मधलं पाणी माणसांनी हळूहळू मागे सारलं. आधी शेतकऱ्यांनी बांध घालून, मग सरकारने भराव घालून. या दोन पद्धतींमध्ये फार मोठा फरक आहे आणि उरणची सगळी गोष्ट त्या फरकात आहे.

खारबंदिस्तीचं शास्त्र समजून घेतल्याशिवाय इथल्या बांधावरून सायकल चालवण्यात अर्थ नाही. खाडीच्या तोंडाशी मातीचा, चिखलाचा, दगडांच्या अस्तराचा बाहेरचा बांध घालतात. त्याच्या आत खाचरं. बांधात ठरावीक ठिकाणी उघाडी ठेवतात. उघाडी म्हणजे वरच्या बाजूने टांगलेलं, बाहेरच्या अंगाला उघडणारं लाकडी दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याचा दाब दारावर येतो आणि ते आपोआप घट्ट बसतं. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी दार ढकलून खाडीत जातं. वीज नाही, पंप नाही, पहारेकरी नाही. पहिल्या पावसांनी जमिनीतला खार धुऊन निघाला की भात लावायचं. अशा जमिनीत खार सोसणारं भातच तग धरतं. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी तांबड्या दाण्याचा राता जपला तो त्यासाठी. पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल इथल्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२ अशा जाती काढल्या.

या व्यवस्थेत अवघड भाग आहे तो बांध राखण्याचा. उधाणाच्या भरतीला बांध कुठे खचला, खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपू लागलं की बघता बघता खांड पडते. ती पुढच्या भरतीच्या आत बुजवली नाही तर खारं पाणी आत पसरतं आणि ती जमीन दोन-तीन वर्षं भाताच्या कामाची राहत नाही. म्हणून बांध हा कुणा एकाचा नसतो. खांड पडल्याची हाक आली की घरटी माणूस निघायचा, रात्र असो की पाऊस. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जुन्या गॅझेटियरांत शिलोत्री जमिनींची नोंद आहे. बाहेरचा बांध राखण्यासाठी पिकातला वाटा देण्याची ती पद्धत होती. १९४८ मध्ये मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला आणि बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली. आगरी समाजाची ओळखच या कामातून घडली आहे. समुद्राशी सतत वाटाघाट करत जमीन कसणं सोपं नाही आणि त्या कामाचं मोल महाराष्ट्राच्या शेतीच्या इतिहासात आपण अजून नीट मांडलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

बांधालगतच्या सखल भागात पाणी बारमाही राहतं आणि तिथे लहान लहान तळी होतात. अनेक ठिकाणी घरामागच्या किंवा शेताच्या कोपऱ्यातल्या तळ्यात जिताड्याची पिल्लं आणून सोडतात. जिताडा खाऱ्या आणि गोड्या अशा दोन्ही पाण्यांत वाढतो. दोन-तीन वर्षांनी घरी लग्नकार्य निघालं, मोठा पाहुणा आला की तो बाहेर काढायचा. रायगडच्या खारपट्ट्यात जिताड्याचा मान सुरमई-पापलेटपेक्षा वरचा. सायकल थांबवून अशा तळ्याशी उभं राहिलं की कुणीतरी हमखास विचारतं, कुठून आलात, कुणाकडे आलात. नुसतं बघायला आलो म्हटलं तर आश्चर्य वाटतं त्यांना, पण मग स्वतःहून माहिती सांगतात. कुठल्या बाजूला निवट्या मिळतात, चिंबोऱ्यांना कुठली तिथी चांगली, पूर्वी कुठपर्यंत पाणी होतं आणि आता कुठपर्यंत आलंय.

*

उरण शहरातून विमला तलावाला वळसा घालून पूर्वेकडे निघालं की डोंगरी, फुंडे, पाणजे ही गावं लागतात. पाणजे हे नाव पक्षी बघणाऱ्यांना देशभर ठाऊक आहे. सुमारे २८९ हेक्टरांचा हा पाणथळ भाग भरतीच्या पाण्यावर जगतो. पाऊस संपला की इथे हिवाळी पाहुणे उतरायला लागतात. चिखलात चोच खुपसणारे लहानमोठे तुतवार, लाल पायांचे शेकाटे, वाकड्या चोचीचे कुदळे, चित्रबलाक, पांढरे शराटी, वरून घिरट्या घालणारी दलदली हारीण. आणि रोहित. रोहित पक्षी ठाणे खाडीत येतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं. पण भरतीला ठाणे खाडीचा चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा या पक्ष्यांना उथळ पाण्याची दुसरी जागा लागते. उरण आणि नवी मुंबईतली पाणथळं ती गरज भागवतात. म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पाणज्यासह या जागा ठाणे खाडीला जोडून सांभाळाव्यात अशी शिफारस केली.

इथे सायकलचा खरा उपयोग कळतो. मोटारीचं दार वाजलं तरी थवा उठतो. सायकल हळू चालवत, न बोलता काठाने गेलं तर पक्षी मान वर करतात, दोन पावलं आत सरकतात आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतात. उतरायचं असेल तर एकदम थांबू नये. थोडं पुढे जाऊन, सायकल आडवी ठेवून, बसून बघावं.

पाणज्याचं भवितव्य ज्या वादात अडकलं आहे तो या लेखाच्या केंद्राशी आहे. नवी मुंबई वसवताना सिडकोने पूर टाळण्यासाठी डच पद्धतीची धारण तळी आखली. भरतीला दारं मिटतात, शहराचं पावसाचं पाणी तळ्यात थांबतं. ओहोटीला दारं उघडतात आणि पाणी खाडीत जातं. म्हणजे तत्त्व तेच, उघाडीचं. द्रोणागिरी वसाहतीसाठीच्या अशा व्यवस्थेत पाणजे येतं. त्यामुळे ही नैसर्गिक पाणथळ जमीन नव्हे, पुराचं पाणी साठवण्याची माणसाने केलेली सोय आहे, असा युक्तिवाद पुन्हा पुन्हा केला गेला. त्याला कायद्याचाही आधार शोधता येतो, कारण २०१७ च्या पाणथळ जागांच्या केंद्रीय नियमांमधून भातखाचरं, मिठागरं, मत्स्यशेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने केलेले जलसाठे वगळलेले आहेत.

हा नियम उरणसारख्या भागाला लावला तर काय उरतं ते पाहावं. खारपट्ट्यातलं जवळजवळ प्रत्येक तळं माणसाच्या हाताने घडलेलं किंवा राखलेलं आहे. माणसाने केलं म्हणून ते वगळायचं, तर तीन-चारशे वर्षं बांध राखणाऱ्यांचा गुन्हा काय झाला? पक्ष्यांना आणि माशांना कुणी खणलं याच्याशी कर्तव्य नसतं. भरतीचं पाणी येतं की नाही, एवढंच त्यांना कळतं. आणि गेल्या काही वर्षांत पाणज्यात नेमकं तेच पाणी अडवलं जात असल्याच्या तक्रारी पर्यावरणासाठी झगडणाऱ्या संस्थांनी आणि मच्छीमारांनी वारंवार केल्या आहेत. भरतीचा ओघ अडला की चिखल सुकतो, त्याला भेगा पडतात आणि पुढच्या हंगामात तिथे थवे उतरत नाहीत. बुलडोझर लागत नाही, झाड तोडावं लागत नाही. दार मिटलेलं ठेवलं की पुरे. कांदळवनांच्या बाबतीत निदान मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे. कांदळवन नष्ट करणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे, आणि कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितलं आहे. उघड्या चिखलाला आणि उथळ पाण्याला असं कवच नाही.

*

पाणज्याहून बंदराच्या रस्त्याला लागलं की सायकलस्वाराची शांतता संपते. न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं आणि आज ते देशातलं आघाडीचं कंटेनर बंदर आहे. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला. पुनर्वसन म्हणून दिलेल्या हनुमान कोळीवाड्यातली घरं वाळवीने पोखरली आणि तिथली माणसं दुसऱ्या पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं झगडत राहिली. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. खाडीचं मुख भरावाने अरुंद झालं, मासळीच्या जागा गेल्या, हे त्या निकालाने मान्य केलं.

याच पट्ट्यात जासई आहे, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं गाव. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा आणि नवघर इथे जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं, जे पुढे इतरत्रही स्वीकारलं गेलं. दास्तान फाट्यावरून आज रोज हजारो ट्रेलर जातात. त्या रस्त्यावरून सायकल नेऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. कडेला पट्टा नाही, धूळ डोळ्यांत जाते, चाळीस फुटी कंटेनरचा चालक वळताना डावीकडची सायकल पाहू शकत नाही. ज्यांना पर्याय नाही असे लोक मात्र याच रस्त्याने रोज जातात: रात्रपाळी संपवून घरी निघालेले सुरक्षारक्षक, आवारांतले हमाल, शाळेची मुलं. सायकल चालवण्यासाठी चांगला रस्ता मागणं म्हणजे शहरातल्या हौशी लोकांचं मागणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी सकाळी सातला या रस्त्याच्या कडेला उभं राहून बघावं.

*

खोपट्याच्या पुलावरून खाडी ओलांडली की उरणचा पूर्व विभाग सुरू होतो आणि हवाच बदलते. तसं पाहिलं तर मैलाचंच अंतर. डावीकडे खाडीचं रुंद पाणी, कांदळवनाची हिरवी किनार, समोर कर्नाळ्याचा सुळका. सुळका दिसला की दिशा चुकत नाही; दिवसभर तो कुठल्या ना कुठल्या वळणावर भेटत राहतो. खोपटे, कोप्रोली, पिरकोन, आवरे, गोवठणे, पाणदिवे, वशेणी, सारडे, पुनाडे, मोठीजुई, विंधणे, दिघोडे, चिरनेर. गावं एकमेकांना लागून आहेत, रस्ते अरुंद पण बहुतेक ठिकाणी डांबरी, आणि चढ फारसे नाहीत. दिवाळीच्या सुमाराला गेलात तर दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे भारे, रस्त्याच्या कडेलाच पसरलेला पेंढा आणि त्याचा गोडसर वास. भात वाळत घातलेल्या जागेवरून सायकल नेऊ नये, उतरून चालत जावं. कुणी काही बोलत नाही, पण ते त्यांच्या लक्षात राहतं.

वाऱ्याचा हिशेबही इथे शिकावा लागतो. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून, हलका. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा जोर धरतो. म्हणजे सकाळी पूर्वेला निघालेला माणूस संध्याकाळी उरणकडे परतताना थेट वाऱ्याच्या तोंडी सापडतो. दमलेल्या पायांना तो वारा चढासारखा लागतो. त्यामुळे पहाटे निघून उन्हं चढायच्या आत परतावं, किंवा चिरनेर, साईवरून खारपाड्याला महामार्ग गाठून पनवेलकडे निघावं.

चिरनेरला मात्र थांबावं, आणि निवांत थांबावं. तळ्याकाठी महागणपतीचं देऊळ आहे. गावात कुंभारकाम आहे, गणपतीच्या मूर्तींची परंपरा आहे. आणि हुतात्म्यांचं स्मारक आहे. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरजवळच्या आक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. मिठाचा सत्याग्रह त्याच वर्षीचा, पण पावसाळ्यात मीठ कुठून करणार? महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी त्याऐवजी जंगलाचा जाचक कायदा मोडायचं ठरवलं. ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या लाकूडफाटा आणला, तिथे कोयता लावणं गुन्हा ठरला होता. आजूबाजूच्या गावांतून माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन माळावर जमली. पोलिसांनी गोळीबार केला. आठ गावकरी त्यात गेले. मामलेदार जोशीही त्या गोंधळात मारले गेले. पुढे चाललेल्या खटल्यात आरोपींच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

त्या आठ जणांची गावं बघितली की मन भरून येतं. चिरनेर, मोठीजुई, धाकटी जुई, कोप्रोली, पाणदिवे, खोपटे, दिघोडे. सायकलवरून पूर्व विभाग फिरणारा माणूस एका दिवसात ही सगळी गावं ओलांडतो. आगरी, कोळी, न्हावी, कातकरी असे सगळ्या जातीजमातींचे लोक त्यांत होते. चिरनेरच्या नाग्या महादू कातकरीचं नाव त्यांत आहे, आणि रानावर ज्यांचं सगळं जगणं अवलंबून त्या समाजाचा माणूस त्या यादीत असणं हे स्वाभाविकच होतं. दरवर्षी २५ सप्टेंबरला इथे पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून हुतात्म्यांना मानवंदना देतात.

*

चिरनेरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा मुलूख लागतो. रानसईचं धरण औद्योगिक विकास महामंडळाचं. उरण शहर, आसपासची गावं आणि कारखाने यांना पाणी इथूनच जातं. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागलं की उरणात ती बातमी होते, आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की आठवड्यातले काही दिवस पाणी बंद होतं. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या तालुक्याला गोड्या पाण्याची केवढी किंमत आहे, हे रानसईच्या काठी उभं राहिलं की समजतं. धरणाच्या परिसरात ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. तालुक्याला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाशेजारच्या या वाड्यांना चांगल्या रस्त्याची, दवाखान्याची आणि नळाच्या पाण्याची वाट बघावी लागते, ही गोष्ट मला फार टोचते. पुनाड्याचं धरण लहान; पूर्व भागातल्या गावांची तहान त्याच्यावर. दोन्हीकडे पाण्यात उतरू नये. हे पिण्याचं पाणी आहे आणि काठ निसरडे आहेत.

मीठ आणि चिखल सायकलला फार लवकर खातात. खाजणातून फिरून आल्यावर गोड्या पाण्याने साखळी, दातेरी चाकं, ब्रेकच्या तारा धुवाव्यात, कोरड्या कराव्यात आणि तेल द्यावं. हे काम दुसऱ्या दिवसावर ढकललं तर गंज दिसायला लागतो. शिवाय जादा ट्यूब, पंप आणि पाण्याच्या दोन बाटल्या. पूर्व विभागात सायकलदुरुस्तीची दुकानं आता थोडीच उरली आहेत.

शहराच्या दक्षिणेचा रस्ता वेगळ्या वळणाचा आहे. नागाव, केगावच्या नारळी-पोफळीच्या वाड्या, पीरवाडीचा किनारा, तेल आणि वायू महामंडळाच्या प्रकल्पाची ज्योत, मग रानवड, चांजे आणि शेवटी करंजा. रानवड आणि चांजे इथे शिलाहार राजा सोमेश्वराचे शके ११८१ आणि ११८२ चे, म्हणजे इसवी सन १२५९-६० च्या सुमाराचे शिलालेख सापडले. उत्तर कोकणच्या शिलाहारांचा हा शेवटचा राजा. साडेसातशे वर्षांपूर्वी दानपत्रात नाव कोरण्याइतकी ही गावं महत्त्वाची होती, आणि आज आपण त्यांच्यावरून पाचव्या मिनिटाला पुढे निघून जातो. करंज्याला द्रोणागिरी देवीचं देऊळ आणि मोठा कोळीवाडा. तिथल्या धक्क्यावरून धरमतर खाडी ओलांडून रेवसला लाँच जाते. पंधरा-वीस मिनिटांत सायकल अलिबाग तालुक्यात उतरते.

*

जपानमध्ये बिवा नावाचं सरोवर आहे, त्या देशातलं सर्वात मोठं. त्याच्याभोवती साधारण २०० किलोमीटरची सायकलवाट आहे. २०१९ मध्ये जपान सरकारने तिला राष्ट्रीय सायकलमार्गाचा दर्जा दिला. तिथे सगळीकडे स्वतंत्र मार्ग बांधलेला नाही. बऱ्याच भागात साध्या रस्त्याच्या कडेला निळ्या रंगाची रेघ आणि बाण आहेत, जेणेकरून सायकलस्वाराला वाट कळते आणि मोटारचालकाला सायकलचा हक्क. त्याच वेळी शिमानामी काईदोलाही हा दर्जा मिळाला. ती सत्तर किलोमीटरची वाट बेटांवरून जाते आणि बेटांना जोडणाऱ्या भव्य सागरी पुलांवर सायकलसाठी वेगळी जागा आहे. पूल बांधतानाच ती ठेवली होती. लोक आज जगभरातून तिथे सायकल चालवायला जातात आणि लहान लहान बेटांवरची खाणावळी, दुकानं त्यावर चालतात.

हे उदाहरण उगाच दिलेलं नाही. करंजा आणि रेवस यांना जोडणाऱ्या पुलाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, १९८० च्या सुमाराची. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाचा तो पहिला दुवा. चार दशकं तो कागदावर राहिला; आता त्याचं काम सुरू झालं आहे. पूल झाला की आज ना उद्या करंजा-रेवस लाँच बंद पडेल, आणि पुलावर सायकलला मनाई असेल तर आज सहज होणारा प्रवास सायकलस्वाराला, शाळकरी मुलाला, सायकलला पाटी बांधून बाजार गाठणाऱ्या माणसाला अशक्य होईल. अटल सेतूच्या बाबतीत बोलायची वेळ निघून गेली. या पुलाच्या बाबतीत अजून आहे. दोन्ही बाजूंना कठड्याआड दीड-दोन मीटरची वाट ठेवायला आजच्या घडीला जो खर्च येईल, तो पूल झाल्यावर जागा करण्याच्या खर्चापेक्षा नक्कीच कमी असेल. उरण आणि अलिबागच्या ग्रामपंचायतींनी तसे ठराव करावेत, लोकप्रतिनिधींनी ते मांडावेत, आणि सायकल चालवणाऱ्या संघटनांनी मुंबई-पुण्यापुरतं न पाहता या मागणीला आपलं बळ द्यावं.

दुसरी मागणी पाणज्याची. तिला पैसा लागत नाही. भरतीच्या वेळी दारं उघडी ठेवायची, पावसाळ्यात पुराचा धोका असेल तेवढ्यापुरती मिटायची, आणि हे वेळापत्रक पाणजे-डोंगरीच्या मच्छीमारांना विचारून ठरवून गावात फलकावर लावायचं. खारबांध राखणाऱ्यांना उघाडी कधी मिटायची आणि कधी मोकळी सोडायची हे शिकवावं लागत नाही.

या नोव्हेंबरात सायकल घेऊन उरणला जा. पाणज्यात पाणी आहे की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, तारखेसह छायाचित्र घ्या आणि पाणी नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा.